राखण

माझी आजी पोपट हाकलायची. मी पोपटांना भाजी चिरून घालायचे. जागा एकच. मधे सत्तर-पंच्याहत्तर वर्षं गेली, बस.

जागा खांबची. नागोठणं सोडलं, सुकेळीची खिंड उतरली की हायवेला लागून आमचं गाव. रोहा तालुका, पूर्वीचा कुलाबा जिल्हा, १९८१ पासून रायगड. एस.टी.तून गोव्याकडे जाणाऱ्याचा एक डुलका होईस्तोवर गाव मागं पडतं. गावाच्या कडेला, पावसात पाणी साचतं त्या अंगाला बुद्धवाडी. बुद्धवाडीच्या पल्याड ती शेतं, जिथं आजी राखणीला असायची.

राखण म्हणजे काय ते शहरात वाढलेल्यांना सांगावं लागेल. भात पोटरीतून बाहेर आलं, दाणा दुधावर आला की राघवांचे थवे उतरतात. राघू पोटापुरतं खाऊन उडून जात नाही. लोंबी तोडतो, दोन दाणे चोखतो, उरलेली खाली टाकतो, दुसरी तोडतो. म्हणून शेतात माळा बांधायचा, त्यावर एक बाई नाहीतर पोर बसवायचं, हातात गोफण, जवळ बडवायला पत्र्याचा डबा. उजाडायच्या आत वर चढायचं, अंधारलं की उतरायचं. आजी लग्न होऊन आली तेव्हापासून खोताच्या भातावर राखणीला. भात उरकलं की वाल. मजुरी भातात, तीही खळं झाल्यावर. आजी ही गोष्ट सांगायला लागली की एक वाक्य चुकायचं नाही : "राघवानं तोडलेल्या लोंब्या खोत बांधावर मांडायचा, मोजायचा, नि माझ्या भातातनं वजा करायचा." खाली सांडलेला सरवासुद्धा विचारल्याशिवाय वेचायचा नाही. पाखरांनी न विचारता खाल्लं ते हिच्या खात्यावर.

बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती मोडायचं बिल आणलं. खोती कायद्यानं जायला १९४९-५० साल उजाडलं. पुढं कुळकायद्यात ज्यांची नावं पीकपाण्याला लागलेली होती ते जमिनीचे धनी झाले. त्यांनीही रक्त आटवलं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माळ्यावर बसून पाखरं हाकलणाऱ्या बाईचं नाव पीकपाण्याला कोण लावणार? राखण म्हणजे काही कसणं नव्हे.

ती जमीन मग दोनदा विकली गेली. हायवेच्या चौपदरीकरणाचं काम २०११ ला निघालं, भाव चढले. कुंडलिकेत राफ्टिंग करायला मुंबईचे लोक कोलाडला येऊ लागले होतेच. त्यातल्या एकानं आजीच्या माळ्याच्या जागी फार्महाऊस बांधलं. मागच्या अंगाला जाळीचा पिंजरा, आत माणूस उभा राहील एवढा. २०१८ चा पावसाळा सरल्यावर मी तिथं कामाला लागले. पगार महिना साडेचार हजार. काम : पक्ष्यांची भाजी.

हसू नका. मीही हसले होते. आई तर म्हणाली, "पाखरांना सैपाक? पाखरं कधीपासनं घरात जेवाया लागली गो?"

दोन आफ्रिकन ग्रे. राखाडी अंग, शेपूट लालबुंद, एकेक अर्ध्या किलोच्या आसपास. सहा कॉकटिएल. आठ-दहा लव्हबर्ड. आपला हिरवा राघू एकही नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळं आपला राघू पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा, परदेशातला चालतो. माझ्या मामानं लहानपणी ढोलीतून पिल्लू काढून पाळलेलं, तेव्हा आम्हांला कायदा कुठं माहीत! हिरवी मिरची नि पेरू, संपलं त्याचं जेवण. राघवाला मिरची तिखट लागत नाही हे मामाला बघून कळलं होतं. शास्त्रही तेच म्हणतं, हे मला फार्महाऊसवर कळलं.

आधी त्या पक्ष्यांना नुसत्या सूर्यफुलाच्या बिया घालायचे. बियांत तेल फार, आणि 'अ' जीवनसत्त्व नाहीच म्हणा. त्यावर पोपट लठ्ठ होतो, यकृत बिघडतं, नाक-घसा खराब होतो. एक ग्रे सुस्त पडला तेव्हा मुंबईच्या डॉक्टरनं सांगितलं, बिया कमी करा, भाजी वाढवा. म्हणून मी.

बारावीपर्यंत शिकले असल्यानं मी एक वही केली. त्या वहीतलंच थोडं सांगते, कारण हे काम सोपं वाटतं पण सोपं नाही. गाजर, लाल भोपळा, रताळं या रंगाच्या भाज्या पाहिजेतच, त्यातूनच ते 'अ' मिळतं. रताळं शिजवून. फरसबी, मटार, मक्याचे दाणे, लाल ढोबळी मिरची, ब्रोकोली. ब्रोकोली मी आयुष्यात पहिल्यांदा चिरली ती पोपटासाठी. पाल्यात कोथिंबीर, मेथी, आणि शेवग्याचा पाला. ग्रे जातीला चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी पडतं, त्याला शेवगा उत्तम. पालक कधीमधीच, तो अंगातला चुना बांधून ठेवतो. कांदा-लसूण नाही, मीठ नाही, चहा-चॉकलेट नाही. अवाकाडो नावाचं एक महागडं फळ मॅडम स्वतः पावाला लावून खायच्या, ते तर पोपटाला विषच. तसाच नॉनस्टिकचा तवा. तो फार तापला की जो वायू सुटतो त्यानं पिंजऱ्यातला पक्षी बघता बघता मरतो. म्हणून मागच्या स्वैपाकघरात लोखंडी कढई. त्या घरात मला आवडलेली तेवढी एकच वस्तू.

ताज्या भाजीचा शत्रू म्हणजे पाणी. धुऊन फडक्यावर पसरायची, खडखडीत कोरडी करायची, मग चिरायची. ओली भरून ठेवली तर दुसऱ्या दिवशी बुळबुळीत. डब्यात खाली कोरडं फडकं घातलं तर फ्रीजमध्ये तीन दिवस टिकते. पण मालक-मॅडम पंधरा दिवसांतून यायचे आणि बाजार तेव्हाच व्हायचा, मग फ्रीजरसाठी वेगळं करून ठेवावं लागे. मटार, मका, फरसबी, गाजर उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं, लगेच थंडगार पाण्यात. असं न करता गोठवलं तर भाजीचं स्वतःचं आतलं काम चालूच राहतं, रंग जातो, चव जाते. मग पुन्हा कोरडं करून ताटात एका थरानं पसरायचं, ताट फ्रीजरमध्ये. दाणा न दाणा सुटा गोठला की पाकिटं भरायची, एका दिवसाचं एक, चपटं. काकडी, टोमॅटो गोठवायचे नाहीत. त्यांच्या अंगातल्या पाण्याचं बर्फ होतं, बर्फ फुगतं, पेशी फुटतात, निघतो तो चिखल. रात्री एक पाकीट खालच्या कप्प्यात काढून ठेवायचं, सकाळी त्यात ताजा पाला बारीक चिरून मिसळायचा, हाताला गार लागणार नाही इतपत होऊ द्यायचं. पिंजऱ्यात ठेवलं की दोन तासांत भांडी बाहेर. कोकणातल्या उकाड्यात दोन तासांपुढं भाजी ही भाजी राहत नाही.

पक्षी पहिले कित्येक दिवस तोंड लावत नव्हते. लव्हबर्ड वाटीतच हगायचे. मग मी पिंजऱ्यासमोर बसून गाजर कचाकचा खायला लागले. ग्रे मान वाकडी करून बघायचा. अकराव्या की बाराव्या दिवशी त्यानं एक तुकडा पायात धरला. त्या वेळी मला जो आनंद झाला तो खोटा नव्हता हे लिहून ठेवलं पाहिजे. पोपटाचं माझं वैर नव्हतंच. आजीचंही नसावं.

हातमोजे पहिल्याच दिवशी मिळाले. "मावशी, हायजीनसाठी हं," मॅडम म्हणाल्या. मी एकोणचाळीसची, त्या पंचेचाळीसच्या तरी असतील, पण मावशी मी. हातमोज्यांबद्दल काही वाटलं नाही. स्वच्छता चांगलीच. पण त्याच ओट्यावर गावातली एक बाई मालकांची भाकरी उघड्या हातानं थापायची, तिला कधी हातमोजे दिले नाहीत. पाखरांच्या गाजराला माझा हात लागू नये आणि माणसांच्या भाकरीला तिचा चालावा. जंतू कुणाच्या हातावर जास्त बसतात ते जंतूंनाच माहीत, किंवा मग दोघींची आडनावं ज्याला माहीत त्याला.

एकदा मॅडमनी कुठूनसं वाचलं, मोड आलेली कडधान्यं पक्ष्यांना चांगली. आमच्याकडचे कडवे वाल आणले नि म्हणाल्या, भिजवून मोड आण आणि मिक्समध्ये घाल. मी म्हटलं, मूग घालते, वाल नाही. का? तर कच्च्या वालात विष असतं. आमच्या बायका वाल भिजवतात, मोड काढतात, एकेक सोलतात, मग नीट शिजवतात, तेव्हा कुठं बिरडं होतं. हे त्यांना पटेना. "पण तुमच्याकडे वालाची ती पोपटी करतात ना, म्हणजे पोपटांसाठीच ना?" मला हसू आवरेना. पोपटी म्हणजे थंडीतली आमची मजा. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या कोवळ्या शेंगा, कांदे-बटाटे, असली तर कोंबडी नि अंडी, ओवा-मीठ, पुन्हा पाला, मडकं उपडं नि भोवती जाळ. पोपटाला त्यातलं काही चालायचं नाही. त्यांनी डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, बाई बरोबर सांगतात. मॅडमनी ते मला सांगितलं नाही. फोन स्पीकरवर होता म्हणून ऐकू आलं.

आता उष्ट्याची गोष्ट.

रोज वाडगाभर भाजी उरायची. पक्षी मूठभर, भाजी वाडगाभर. मॅडम म्हणाल्या, "मावशी, घरी घेऊन जात जा, वाया जाते. नुसती गाजरं-मटारच तर आहेत. धुतलं की झालं." बोलण्यात कुचेष्टा नव्हती. असती तर उत्तर देणं सोपं गेलं असतं.

आमच्या घरातून पणजोबा १९२७ साली महाडला गेले होते. हायवे आताचा, तेव्हा चालत, मिळेल तिथं मुक्काम करत. चवदार तळ्यावर जनावरं पाणी पीत होती, पाखरं पीत होती, माणसांना बंदी होती. २० मार्चला बाबासाहेब पाणी प्यायले, मागून हजारो प्यायले, आणि मग तळ्यात शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून ते 'शुद्ध' झालं. खटला १९३७ पर्यंत चालला. पण त्या परिषदेत पाण्याबरोबर आणखी एक गोष्ट सांगितली गेली होती : मेलेल्या जनावराचं मांस टाका, उष्टं टाका. पणजीच्या दारात चान्या वाळत घालायची दोरी होती. मांसाच्या पट्ट्या सुकवायच्या, पावसाळ्याची बेगमी. आमचा फ्रीजर म्हणा. पणजोबा आले आणि त्यांनी ती दोरी तोडली. त्या पावसाळ्यात घर अर्धपोटी होतं. हे आजीनं सासूकडून ऐकलं, आईनं आजीकडून, मी आईकडून.

मी मॅडमना म्हटलं, नको. त्यांना वाईट वाटलं. घरी आल्यावर विचार आला की कोंबड्यांना घातलं तर काय बिघडतं? आपण थोडंच खातोय. आईला विचारलं. आई वाल सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "नाय गो बाय. कोंबड्यांना बी नको. आज कोंबड्यांच्या नावानं आणशील, उद्या ती धरून चालंल."

मला आई जुनाट वाटली. खरं सांगते, अजूनही थोडी वाटते. कोंबडीला कसलं आलंय उष्टं? पण मी आणलं नाही. कंपाउंडच्या कोपऱ्यात खड्डा केला, रोजचं त्यात.

२०२० ला टाळेबंदी लागली. मालक मुंबईत अडकले. फ्रीजर भरलेला होता. इकडे वाडीत रोह्याच्या कारखान्यांत कंत्राटावर जाणारे घरी बसले होते. रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळत होतं, भाजीला कुणाकडे पैसा नव्हता. मी रोज सकाळी पाकीट सोडवून ग्रेला ब्रोकोली घालत होते नि घरी येऊन आमटी-भात. तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी न्यायची होतीस चार पाकिटं. मनात आलं नाही असं नाही.

३ जूनला निसर्ग वादळ आलं. दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि आत आमच्यापर्यंत येताना काही राखून आलं नाही. वाडीतली निम्मी कौलं नि पत्रे उडाले. आमचा शेवगा मुळासकट आडवा. मी आणि फार्महाऊसचे राखणदार काका, आम्ही दोघांनी पक्षी पोत्यांत घालून घालून आतल्या हॉलमध्ये आणले, दारं बांधून धरली. ग्रेनं माझं बोट फोडलं. विजेचे खांब रस्त्यावर झोपलेले, मोबाईलला आवाज नाही. इन्व्हर्टर रात्रीतच बसला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फ्रीजर उघडला तर खाली पाणी, पाकिटं मऊ. चौतीस होती. तिसऱ्या दिवशी वास. जूनचा उकाडा. चौतीसच्या चौतीस खड्ड्यात पुरली, काका समोर होते.

लाईट नवव्या दिवशी आली. तोवर पक्ष्यांना काय घातलं? पडलेल्या शेवग्याचा पाला, तो ओला हिरवागार होता. आणि आमच्या माळ्यावरचा लाल भोपळा. न चिरलेला भोपळा महिनोन्‌महिने टिकतो, त्याला लाईट लागत नाही. तीन भोपळे होते. एक आम्ही खाल्ला, दोन पक्ष्यांनी. पहिल्या पावसाची टाकळ्याची भाजी उगवली होती, आम्ही ती खात होतो, पण ती पाखराला चालते की नाही याची खात्री नव्हती म्हणून घातली नाही. हातमोजे वादळात कुठं गेले कोण जाणे. नऊ दिवस उघड्या हातानं. एकही पक्षी मेला नाही.

मालक-मॅडम जूनच्या शेवटी आले. छपराचं नुकसान बघितलं, पक्षी मोजले, मग फ्रीजर उघडला. "मिक्स कुठंय?" सांगितलं. "अगं, लाईट आल्यावर परत फ्रीज करायचं ना!" मी म्हटलं, गोठवल्यानं जंतू मरत नाहीत, झोपतात. एकदा जागे होऊन वाढले की पुन्हा गोठवून उपयोग नाही, पक्षी आजारी पडतो. वहीत लिहिलं आहे. मॅडमनी वही बघितली नाही. मालकांकडे बघितलं. मालक म्हणाले, "जाऊ दे. त्या दिवसांत लोकांचे हालच होते. घरी नेलं असेल. सांगून न्यायचं होतंस, एवढंच."

रोज ने म्हणत होते तेव्हा नेलं नाही ती मी. मी काकांकडे बघितलं. काका पिंजऱ्याच्या जाळीकडे बघत होते. त्यांनाही घर आहे, त्यांची नोकरी आहे. मी त्यांना दोष देत नाही, पण त्यांच्याशी पुन्हा बोलायला मला वर्ष लागलं. खड्डा उकरून दाखवते म्हटलं तर मॅडम म्हणाल्या, "शी, नको." पगारातून अकराशे रुपये कापले. घरी येऊन आईला सांगितलं तर ती आजीचं ते वाक्य म्हणाली, लोंब्या मोजायचं. बाकी काही बोलली नाही. मी काम सोडलं.

त्याच जूनमध्ये केंद्र सरकारनं परदेशी प्राण्यापक्ष्यांची स्वतःहून नोंद करायची योजना काढली होती. सहा महिन्यांत जाहीर करा, कागदपत्रं मागणार नाही. ग्रे पोपट त्यात येत होते. मालकांनी नोंद केली, काकांच्या पोरानंच फॉर्म भरून दिला. म्हणजे त्या जमिनीवर राहणाऱ्या दोन पोपटांची सरकारदरबारी नोंद आहे. आजीची नव्हती. माझीही नाही, मला हजेरीचं पुस्तकसुद्धा नव्हतं.

दिवाळीच्या सुमारास फोन आला. मॅडम. नव्या मुलीला जमत नाही, पाकिटात सगळ्याचा गोळा होतो, मटार काळे पडतात. वही तिथंच राहिली होती, पण माझं अक्षर लागत नाही म्हणे. मी आढेवेढे घेतले नाहीत. ग्रेचा चेहरा डोळ्यांपुढं आला. सांगितलं : दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, लगेच गार पाण्यात, कोरडं करा, ताटात एका थरानं पसरा, ढीग करू नका. त्यांनी लिहून घेतलं. पुन्हा वाचून दाखवलं. बरोबर होतं.

मग मी माझे अकराशे रुपये मागितले. तिकडून आवाज येईना. हॅलो, हॅलो, रेंज नाही वाटतं तुझ्याकडे, असं ऐकू आलं नि फोन बंद झाला. खांबला रेंज जाते, खोटं नाही. माझ्या फोनवर त्या वेळी चारही दांड्या होत्या.